'रिमॅन्युफॅक्चर्ड मिलिटरी सरप्लस' काडतुसं: शिक्का कुणाचा आणि भरली कुणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ओहायोत राहता, ग्रीन कार्ड आहे, घरी .३०८ ची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे आणि नुकतीच सीएमपीकडून (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, लष्कराच्या जुन्या रायफली नागरिकांना विकणारी संस्था) .३०-०६ ची एम-१ गारंड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अर्धस्वयंचलित लष्करी रायफल, घेतली आहे. एका विक्रेत्याकडे 'मिलिटरी सरप्लस, लेक सिटी, रिमॅन्युफॅक्चर्ड' असं लिहिलेले ५०० काडतुसांचे डबे दोन्ही कॅलिबरमध्ये आहेत आणि भाव नव्या मालापेक्षा बराच कमी आहे. फोटोत बुडावर 'एलसी' आणि साल दिसतं. मग हा लष्कराचाच माल ना, आणि घ्यावा का?

लष्कराची आहे ती फक्त पुंगळी. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी छोटी टोपी), दारू आणि पुढची गोळी. बुडावरचा शिक्का यातल्या पहिल्या गोष्टीबद्दलच बोलतो. 'एलसी' म्हणजे मिसुरीतल्या इंडिपेंडन्स इथला लेक सिटी आर्मी अ‍ॅम्युनिशन प्लांट. हा कारखाना १९४१ पासूनचा आहे आणि त्याचं पितळ खरंच उत्तम असतं. पण ती पुंगळी एकदा उडून गेली, कुणीतरी गोळा केली, साफ केली आणि तिच्यात नवा प्रायमर, मोजून दारू आणि गोळी बसवली. नावाजलेल्या कंपनीची रिकामी बाटली स्टेशनवर पुन्हा भरून विकतात, तेव्हा लेबल खरं असतं, पाणी कुठलं ते भरणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा तपासायचा तो भरणारा.

जाहिरातीत चार वेगवेगळे प्रकार एकाच नावाखाली खपवले जातात. पहिला खरा सरप्लस: लष्करासाठी बनलेला, कधीच न उघडलेला, जसाच्या तसा विकलेला. सीएमपीने वर्षानुवर्षं विकलेली ग्रीक 'एचएक्सपी' शिक्क्याची .३०-०६ काडतुसं याचं चांगलं उदाहरण. दुसरा रिमॅन्युफॅक्चर्ड, म्हणजे वर सांगितलेला. तिसरा 'पुल-डाउन': जुनी लष्करी काडतुसं उघडून त्यातली गोळी किंवा दारू काढायची आणि तीच दुसऱ्या पुंगळीत वापरायची. यात गोळीच्या अंगावर पकडीचे बारीक ओरखडे दिसतात, आणि अचूकतेत त्याचा फरक जाणवतो. चौथा प्रकार म्हणजे लेक सिटीतच बनलेला पण थेट नागरी बाजारासाठी विकलेला नवा माल, उदाहरणार्थ ५.५६ (एआर-१५ सारख्या रायफलींचं कॅलिबर) मधला 'एक्सएम-१९३'. हा सरप्लसही नाही आणि रिमॅन्युफॅक्चर्डही नाही, तरी दुकानदार त्याला बिनदिक्कत 'मिलिटरी' म्हणतात. तुमच्या विक्रेत्याने निदान 'रिमॅन्युफॅक्चर्ड' हा शब्द लिहिलाय. न लिहिणारे जास्त आहेत.

हे पितळ येतं कुठून, हेही माहीत असलेलं बरं. लष्कराच्या सराव-मैदानांवर पडलेल्या पुंगळ्या टनावारी विकल्या जातात आणि त्यातूनच हा सगळा धंदा उभा आहे. मार्च २००९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने या पुंगळ्या चेचून भंगारातच द्यायच्या असं ठरवलं, तेव्हा एकच ओरड झाली. मोंटानाचे सिनेटर जॉन टेस्टर आणि मॅक्स बॉकस यांनी आक्षेप घेतला आणि निर्णय लगेच मागे घेतला गेला. पण मैदानावर पडलेली पुंगळी साध्या रायफलीतून उडाली की मशीनगनमधून, हे ढिगात कळत नाही. ७.६२ च्या (म्हणजे तुमच्या .३०८ च्या लष्करी जुळ्या भावाच्या) बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतोच.

आता ओळखायचं कसं. विक्रेत्याकडून दोन फोटो मागा: बुडाचा अगदी जवळून, आणि मानेचा बाजूने. दहा-बारा काडतुसं एका फोटोत असली तर उत्तम.

बुडाच्या फोटोत प्रथम प्रायमरभोवतीची कड बघा. लष्करी काडतुसात प्रायमर हादऱ्याने बाहेर येऊ नये म्हणून भोवतालचं पितळ दाबून आत वळवलेलं असतं. त्याची गोल खाच किंवा दाबाचे ठसे स्पष्ट दिसतात, आणि बऱ्याचदा प्रायमरच्या कडेने लाल, जांभळ्या किंवा हिरव्या लाखेचा रंग असतो. पुन्हा भरताना ही दाबलेली कड काढावीच लागते, नाहीतर नवा प्रायमर नीट आत जात नाही. ती काढली की तिथे चकचकीत, किंचित उतरती कड उरते. बुडावर जुना मळकट शिक्का आणि प्रायमरच्या खाचेची कड मात्र नवी कोरी, असं दिसलं की काडतूस पुन्हा भरलेलं आहे असं खुशाल समजा. काही कारखाने पुन्हा भरल्यावरही लाख लावतात, म्हणून केवळ रंगावर विसंबू नका.

मानेच्या फोटोत रंग बघा. पुंगळीची मान आणि खांदा तापवून मऊ करतात, त्याने पितळावर निळसर-तपकिरी झाक येते. अमेरिकन लष्करी मालात ती तशीच ठेवतात. पुन्हा भरणारा पुंगळ्या घासून चमकवतो आणि त्यात ती झाक जवळपास निघून जाते. सोन्यासारखं लखलखणारं 'लष्करी' काडतूस बघून लोक खूश होतात, तिथेच मला शंका येते. त्याशिवाय बुडाच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याने) ओरबाडल्याची खूण किंवा बुडावर पुसट अर्धगोल ठसा दिसला, तर पुंगळी बहुधा आधी एकदा उडालेली आहे.

शेवटी शिक्के एकमेकांशी जुळवा. एकाच डब्यात 'एलसी', 'डब्ल्यूसीसी' (वेस्टर्न कार्ट्रिज कंपनी) आणि एखादा नागरी कंपनीचा शिक्का एकत्र असेल तर पुंगळ्या निवडलेल्या नाहीत. ७.६२ मध्ये हे मनावर घ्यायला हवं. लष्करी पुंगळीचं पितळ सहसा जाड असतं, म्हणजे आतली जागा कमी. तेवढीच दारू जाड पुंगळीत घातली की दाब वाढतो. मिश्र पुंगळ्यांत एकाच मापाने दारू भरली असेल तर प्रत्येक बार वेगळा. ५.५६ मध्ये हा फरक फारसा जाणवत नाही, आणि तिथे मी मिश्र शिक्क्यांवर एवढा अडून बसत नाही.

डब्याला मात्र काडीची किंमत देऊ नका. हिरवा लोखंडी डबा, त्यावरची पिवळी अक्षरं, आतले जुने पुठ्ठ्याचे खोके, गारंडच्या आठ-आठच्या क्लिपा, हे सगळं रिकामं विकत मिळतं. मूळ सील असलेला डबा वेगळा. पण ज्याचं सील तुटलंय तो डबा काहीच सिद्ध करत नाही.

माल हातात आल्यावरची तपासणी टेबलावर होते. रायफल तिथे नसावी, प्रकाश भरपूर असावा. काडतूस सपाट काचेवर बुडावर उभं करा. डुगडुगलं तर प्रायमर वर राहिलाय, ते बाजूला काढा. नखाचं टोक बुडावरून फिरवलं तरी कळतं: प्रायमर बुडापेक्षा किंचित आत हवा, कधीच वर नको. मग कॅलिपरने दहा काडतुसांची एकूण लांबी मोजा. थोडाफार फरक चालतो, पण एखादंच ठळकपणे आखूड निघालं तर गोळी आत सरकलेली असते आणि त्याने दाब वाढतो. गोळी बोटांनी वळवून बघा, फिरली तर ते काडतूस वापरायचं नाही. केस-गेज नावाची स्टीलची नळी मिळते, तिच्यात प्रत्येक काडतूस टाकून बघायला वेळ लागतो, पण तो वेळ द्या. ती चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, प्रमाणित मापावर बनवलेली असते. जे तिच्यात सहज बसत नाही, ते रायफलीतही अडकू शकतं.

मशीनगनचा मुद्दा इथे येतो. एम-६० किंवा एम-२४० सारख्या मशीनगनचं चेंबर मोकळं असतं, आणि .३०८ च्या तुलनेत ७.६२ नाटोच्या चेंबरला मुळातच काही हजारांश इंच जास्त मोकळीक दिलेली असते. त्यात उडालेली पुंगळी लांबीला ताणली जाते. पुन्हा भरताना तिला दाबून मापात आणतात, बाहेरून ती बरोबर दिसते, पण बुडापासून थोडं वर, जिथे जाड पितळ संपून पातळ सुरू होतं, तिथे ती आतून झिजलेली असते. पुढच्या बाराला ती नेमकी तिथेच तुटते. अर्धी पुंगळी चेंबरमध्ये अडकते आणि तापलेला वायू मागे येतो. भरलेल्या काडतुसात आतून बघता येत नाही. बाहेरून त्या जागी पुंगळीभोवती फिकट चमकदार कडं दिसलं तर तो पूर्ण लॉट परत पाठवा.

आता तुमच्या दोन रायफली. .३०८ ची बोल्ट-अ‍ॅक्शन बरीच सोशिक आहे. बोल्ट तुम्ही हाताने बंद करता, काडतूस जड गेलं की हाताला कळतं आणि तुम्ही थांबता. गारंडमध्ये ती संधी मिळत नाही. तिची फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) मोकळी असते, मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. बोल्ट जोरात पुढे येतो तेव्हा पिन स्वतःच्या वजनाने प्रायमरला हलकी टिचकी मारते. लष्करी प्रायमर त्यासाठीच कठीण केलेला असतो. पुन्हा भरणाऱ्याने मऊ प्रायमर वापरला किंवा तो वर राहिला, तर बोल्ट पुरता बंद होण्याआधीच बार उडू शकतो. याला स्लॅम-फायर म्हणतात. एआर-१५ ची पिनही मोकळीच असते, त्यामुळे ५.५६ वाल्यांनीही हे वाचावं.

गारंडला दुसरी अडचण दाबाची. ती .३०-०६ च्या एम-२ बॉल या साध्या लष्करी काडतुसासाठी योग्य आहे: सुमारे १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी आणि मध्यम वेगाने जळणारी दारू. सावकाश जळणारी दारू आणि जड गोळी वापरली की बॅरलच्या टोकाशी वायूचा दाब जास्त राहतो आणि ऑपरेटिंग रॉड (वायूच्या जोरावर बोल्ट मागे ढकलणारी दांडी) वाकू शकतो. रॉड महाग आहे, आणि चांगला मिळायलाही त्रास होतो. सीएमपी स्वतः १७२-१७४ ग्रेनच्या वरची गोळी वापरू नका असं सांगते. जाहिरातीत नुसतं '.३०-०६, १८० ग्रेन' असेल तर गारंडसाठी विषय तिथेच संपला. '१५० ग्रेन' असेल तरी दारू गारंडसाठी निवडली आहे का, हे लेखी विचारा.

गोळीचं टोकही बघा. .३०-०६ मध्ये काळं टोक म्हणजे चिलखतभेदी, लाल किंवा नारिंगी म्हणजे ट्रेसर, जाताना जळत उजेडाची रेघ काढणारी गोळी. जुन्या काळ्या टोकाच्या गोळ्या काढून पुन्हा भरलेली काडतुसं बाजारात फिरतात. पोलादी गाभ्याने रेंजवरची स्टीलची टार्गेटं खराब होतात, ट्रेसरने कोरड्या गवताला आग लागते, म्हणून जवळपास प्रत्येक रेंजवर दोन्हीला मनाई असते. दारातच चुंबक लावून बघतात. चुंबक चिकटलं म्हणजे गाभा पोलादी असेलच असं नाही, काही साध्या लष्करी गोळ्यांच्या आवरणातच पोलाद असतं. पण रेंज ऑफिसर तुमच्याशी धातुशास्त्रावर चर्चा करत बसत नाही, परत पाठवतो. आधी विचारून घ्या.

गंजाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळाल्यावर मागे क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि बॅरल गंजतं. तेलाने तो क्षार निघत नाही, पाण्याने धुवावा लागतो आणि मग कोरडं करून तेल. अमेरिकन .३०-०६ मध्ये ही पद्धत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास बंद झाली. रिमॅन्युफॅक्चर्ड मालात प्रायमर नवा असतो, त्यामुळे ही काळजी बहुतेक वेळा उरत नाही. या मालाचा खऱ्या जुन्या सरप्लसवर मला दिसणारा फायदा तो एवढाच.

प्रायमरवरून आणखी एक. प्रायमर दोन पद्धतींचे: बॉक्सर आणि बर्डन. बॉक्सरच्या पुंगळीत मध्यभागी एकच भोक असतं आणि जुना प्रायमर आतून पिन घालून ढकलता येतो. बर्डनच्या पुंगळीत दोन बारीक भोकं बाजूला असतात, ते काम किचकट, म्हणून धंदेवाईक भरणारे बर्डनच्या वाटेला जात नाहीत. याचा एक मराठी धागा आहे. .३०३ च्या जुन्या काडतुसांवर 'केएफ' शिक्का दिसला तर ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचं, आणि ७.६२ वर 'ओएफव्ही' दिसलं तर ते जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव आयुध निर्माणीचं. परदेशात हे शिक्के बघून ऊर भरून येतो, माझाही येतो. पण लष्करी 'केएफ' .३०३ हे बर्डन प्रायमरचं. कुणी ते 'रिमॅन्युफॅक्चर्ड' म्हणून विकत असेल तर एक तर त्याला माल कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं तो धरून चाललाय. संग्रहासाठी एखादी रिकामी पुंगळी घ्या आणि समाधान माना.

विक्रेत्याला मी चार गोष्टी विचारतो. काडतुसं कुणी भरली, नाव आणि फेडरल परवाना आहे का? अमेरिकेत विक्रीसाठी काडतुसं बनवायला 'टाइप ०६' किंवा त्याहून मोठा परवाना लागतो. स्वतःपुरतं घरी भरायला लागत नाही, पण घरी भरून विकायचा धंदा करायला लागतो. गन-शोमध्ये झिपलॉक पिशवीत मिळणारी 'काकांनी भरलेली' काडतुसं कितीही स्वस्त असली तरी माझ्याकडून नकार. दुसरं, लॉट नंबर आहे का आणि सगळे डबे एकाच लॉटचे आहेत का. तिसरं, प्रायमर आणि गोळी नवी की काढलेली. चौथं, काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची. तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेतही बघा, बहुतेक कंपन्या पुन्हा भरलेल्या काडतुसांनी झालेल्या नुकसानीला वॉरंटी देत नाहीत. या चार प्रश्नांवर चांगला भरणारा खुलून बोलतो. जो वैतागतो त्याचा माल घेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात, कारण तुमच्यासारखाच प्रश्न एच-१बी वरची मंडळीही विचारतात. ग्रीन कार्डवाल्याला हरकत नाही. पण नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या, मित्राच्या भरवशावर नको. राज्यांचे नियम वेगळे: इलिनॉयमध्ये फोइड कार्ड (बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, न्यूयॉर्कमध्ये काडतुसं घेतानाही पार्श्वभूमी तपासतात. कॅलिफोर्नियाने ही तपासणी २०१९ मध्ये सुरू केली आणि त्यावर कोर्टकज्जे चालू आहेत. अमेरिकन टपालाने काडतुसं पाठवता येत नाहीत, खासगी कुरिअरनेच येतात. आणि रेंजवर नेता ती बॅग भारतात जाताना सामानाला वापरू नका. अस्तरात राहिलेलं एखादं जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होतो. नजरचुकीने राहिलं हे पुढे कोर्टात पटवून देता येतं, पण त्याआधी सुट्टी पोलीस ठाण्यात जाते.

तर तुमच्या त्या डब्यांचं काय? गारंडसाठी मी हा माल घेणार नाही. तिच्यासाठी खरा सरप्लस एम-२ बॉल मिळाला तर तो, नाहीतर खोक्यावर 'एम-१ गारंड' असं स्पष्ट लिहिलेला नवा माल. काडतुसामागे काही सेंट वाचवून ऑपरेटिंग रॉड पणाला लावण्यात हशील नाही. .३०८ साठी विक्रेत्याने चारही उत्तरं दिली आणि शिक्के सगळे 'एलसी' असले तर घ्यायला हरकत नाही, पण ५०० नको. आधी ४०-५० घ्या.

ती उडवताना एकेक भरा, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण हवंच. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबा, रायफल रिकामी करून बॅरलमध्ये गोळी अडकलेली नाही ना ते बघा, मगच पुढचं काडतूस. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, बार उशिरा होऊ शकतो. प्रत्येक पुंगळी जपून ठेवा. पेपरक्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा वळवा आणि पुंगळीच्या आतून बुडाकडून वर ओढत आणा. बुडाजवळ आकडा खाचेत अडकल्यासारखा वाटला तर पितळ तिथे पातळ झालंय. प्रायमर चपटे होऊन पसरलेत का, बोल्ट उघडायला जोर लागला का, हेही बघा.

सगळं ठीक निघालं तर त्याच दिवशी त्याच लॉटची उरलेली मागणी नोंदवा. हे लॉट लवकर संपतात, आणि दुसरा लॉट आला की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं काडतूस उडेपर्यंत लॉट नंबरचं लेबल आणि पावती फेकू नका, आणि ही काडतुसं दुसऱ्या डब्यात मिसळू नका.